उन्हाळ्यात मशिदीत, म्हणजे आमच्या ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये, यायचंय? बेने इस्रायल जमातीत नव्याने येणाऱ्यांसाठी सगळं एकदाच लिहून ठेवतोय

पेसाह (इजिप्तच्या गुलामीतून सुटकेचा सण) संपला, मुलांच्या परीक्षा आटपल्या की आमच्याकडे फोनाफोनी सुरू होते, या शब्बाथला (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र, आमचा विश्रांतीचा दिवस) कोण येतंय, अलिबागला कोण जातंय, मलिद्याला (पोह्या-नारळाच्या प्रसादाला) नारळ कोण आणतंय. दरवर्षी दोन-चार नवीन माणसं पण विचारतात, कोणी बदली होऊन ठाण्याला आलेलं असतं, कोणाचे आजी-आजोबा बेने इस्रायल पण स्वतः लहानपणापासून बाहेर वाढलेले, कोणी लग्न करून घरात आलेलं, आणि काही नुसतेच मित्र-शेजारी ज्यांना एकदा बघायचंय की मराठी बोलणारे ज्यू लोक नेमकं काय करतात. सगळ्यांचे प्रश्न तेच तेच असतात म्हणून हे लिहितोय, पेसाहपासून बिरड्याच्या सणापर्यंतचं (तो उपासाचा दिवस, शेवटी सांगतो), म्हणजे साधारण एप्रिल ते जुलै. (हो, जुलैत आपल्याकडे धो धो पाऊस असतो, पण पंचांग यरुशलेमच्या ऋतूंवर चालतं, तिकडे तो कडक उन्हाळाच.)

एक गोष्ट आधीच सांगतो कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. सामुदायिक प्रार्थनेचे काही भाग म्हणायला आणि सेफेर तोरा (धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी) बाहेर काढून वाचायला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. भारतात आता सगळे मिळून आम्ही चार-पाच हजार असू, बाकीचे १९४८ नंतर हळूहळू इस्रायलला गेले, त्यामुळे कोकणातल्या कित्येक मशिदींत वर्षभर दहा जमणं कठीणच. सुट्टीत मुंबई-ठाण्याची माणसं गावी येतात आणि मग अचानक दहा होतात, बारा होतात, हेखाल (सेफेर तोरा ठेवायचं कपाट) उघडतो. त्यामुळे नवीन माणूस आला तर त्याच्याकडे पाहुणा म्हणून कमी आणि आपला माणूस म्हणून जास्त बघितलं जातं, अगदी मनापासून सांगतोय. बाया मिन्यानमध्ये मोजल्या जात नाहीत आमच्या परंपरेत, पण मलिदा, स्वयंपाक, कीर्तन, आजारी माणसांची विचारपूस हे सगळं त्यांच्याच जिवावर चालतं आणि माझ्या मते हे मोठ्याने बोललं जायला पाहिजे. ज्यू नसाल तरी बसायला हरकत नसते, फक्त मोजणीत येणार नाही.

आता सुरुवात कुठून करायची. जवळची मशीद शोधा. (आमच्यातली जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणतात, मुंबईत १७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी बांधलेली शाआर हाराहमीम ही सगळ्यात जुनी, तिला तर जुनी मशीदच म्हणतात, तेव्हा रिक्षावाल्याला सांगताना मात्र पूर्ण पत्ता द्या.) ठाण्यात टेंभी नाक्याजवळ १८७९ ची शाआर हाशामाईम आहे, तिथली जमात मोठी आहे, पहिल्यांदा येणाऱ्याला मी तीच सुचवतो कारण गर्दीत माणूस पटकन सामावतो. मुंबईत सात रस्त्याला तिफेरेथ इस्रायल, भायखळ्याकडे मागेन हसिदीम. सात रस्त्याला आलात तर तिथला डॉ. ई. मोझेस रोड बघाल, तो आपल्याच एलिजा मोझेसांच्या नावाचा, १९३७ साली ते मुंबईचे महापौर होते. पुण्यात रास्ता पेठेत सुक्कथ शेलोमो, लाल देऊळ म्हणतात त्या दुसऱ्या सिनेगॉगपासून फार लांब नाही. आणि रायगडात पनवेल, पेण, रेवदंडा, अलिबाग.

जायच्या आधी फोन करायचाच. असंच जाऊन उभं राहू नका. २००८ च्या हल्ल्यानंतर सगळीकडे सिक्युरिटी आहे, गेटवर पोलीस असतात, आयडी बघतात, परदेशी पासपोर्ट असेल तर त्याची कॉपी मागतात, आणि यात कोणी तुमच्यावर संशय घेतंय असं अजिबात मनाला लावून घ्यायचं नाही. फोनवर सेक्रेटरींना किंवा ट्रस्टींना आपलं नाव, किती जण येणार, कशासाठी येणार ते सांगा, आणि वेळ विचारून घ्या कारण प्रत्येक मशिदीची वेळ वेगळी असते आणि उन्हाळ्यात ती बदलते. गाव कुठलं हे तर तुम्हाला विचारतीलच. आमची आडनावं गावांवरूनच आहेत, पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर, चेऊलकर, झिराडकर, आवासकर, त्यामुळे आडनाव सांगितलं की समोरच्या आजी लगेच म्हणणार, अगं म्हणजे तू अमक्याची नात का, आणि पुढची पंधरा मिनिटं तुमची नाही. आडनाव माहीत नसेल, आईकडून असेल, तर तेही सांगा, त्या आजी शोधून काढतात.

शुक्रवार संध्याकाळ ही पहिल्या भेटीसाठी बेस्ट. मे-जूनमध्ये मुंबईत सूर्यास्त सातनंतर होतो, घरी दिवे त्याच्या १८ मिनिटं आधी लावतात, पूर्वी घराघरात काचेच्या पेल्यात पाणी आणि वर खोबरेल तेल घालून वात लावायचे, काही घरांत अजूनही तसंच. तुम्ही साडेसहाला पोचा. कपडे सुती, साधे, खांदे आणि गुडघे झाकलेले, पुरुषांनी डोक्यावर टोपी, नसेल तर दारातच ठेवलेल्या असतात. आत शिरताना चौकटीच्या उजव्या बाजूला मेझुझा (आत धर्मग्रंथातल्या ओळी ठेवलेली छोटी डबी) असतो, त्याला हात लावून बोटं ओठांना लावतात, तुम्ही ज्यू नसाल तर नाही केलं तरी चालतं. बायकांना बऱ्याच ठिकाणी वरच्या गॅलरीत बसायचं असतं, मे महिन्यात तिथे प्रचंड उकडतं, म्हणून लवकर जाऊन पंख्याखालची जागा धरा आणि कोणी वयस्कर आल्या तर त्यांना द्या. पाण्याची बाटली आतच ठेवा.

मोबाईल शब्बाथ लागायच्या आधीच बंद. सायलेंटवर नाही, बंद. फोटो नाही, काही लिहून घेणं नाही, पंख्या-लाइटच्या बटणाला हात नाही (ते आधीच चालू करून ठेवलेले असतात), आणि पाकीट बाहेर काढायचं नाही, कितीही द्यावंसं वाटलं तरी. देणगी द्यायची तर रविवारी नंतर द्या, पावती मिळते. प्रार्थना हिब्रूत, चाली आपल्या. सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक) हातात देतील, पान कुठलं हे शेजारच्याला विचारा, बिनधास्त विचारा, कोणालाही त्रास वाटत नाही. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, इतकं जमलं तरी पहिल्या दिवशी पुष्कळ.

प्रार्थना संपली की हातबोशी होते आणि इथे नवीन माणूस हमखास गोंधळतो, म्हणून नीट सांगतो. समोरचा दोन्ही हात पुढे करतो, तुम्ही तुमचा उजवा हात त्याच्या हातांमध्ये द्यायचा, दाबायचा नाही, हलवायचा नाही, नुसता स्पर्श, मग दोघांनी हात सोडून आपापली बोटं आपल्या ओठांना लावायची. हझानसाहेबांपासून (प्रार्थना चालवणारे) सुरू होऊन ती अख्ख्या मशिदीत माणसामाणसाने पुढे सरकते. लहान पोरं पण रांगेत असतात. बरोबर "शब्बाथ शालोम" म्हणायचं. झालं.

मग किद्दूश, म्हणजे पेला हातात घेऊन म्हणायची शब्बाथची प्रार्थना. वाइनच्या जागी आमच्याकडे मनुकांचं शरबत असतं. काळ्या मनुका धुऊन पाण्यात भिजत घालतात, फुगल्या की हाताने कुस्करून किंवा वाटून पातळ फडक्यातून गाळतात, साखर लागत नाही, रंग तपकिरी-लालसर येतो आणि उकाड्यात गारगार प्यायला इतकं भारी लागतं की मुलं दुसऱ्यांदा मागतात. ब्राखा (आशीर्वादाची प्रार्थना) म्हणून होईपर्यंत पेला तोंडाला लावायचा नाही, "आमेन" झालं की प्या.

खाण्याचं आणायचं काय, हा पुढचा प्रश्न. घरून शिजवून काही आणू नका, मनाने कितीही चांगलं असलं तरी. आमच्यात मांस आणि दूध एकत्र येत नाही, म्हणून रस्सा-गोडधोड दोन्हीत नारळाचं दूध चालतं, भांडी वेगळी असतात, मटण-चिकन आमच्या पद्धतीने कापलेलंच लागतं, आणि मासळीत पंख आणि खवलं दोन्ही असलेलीच, म्हणजे रावस चालेल पण कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या, माकुल नाही. तुमच्या घरच्या कढईत आधी काय शिजलंय याची चौकशी कोणी तुमच्यासमोर करणार नाही, पण डबा मात्र तसाच परत जाईल आणि तुम्हालाच वाईट वाटेल. त्यापेक्षा अख्खी फळं आणा, नारळ आणा, खजूर आणा. आणि शुक्रवारी उजेड असताना पोचवा.

आता यंदाचं म्हणजे २०२६ चं कॅलेंडर, कारण सणांच्या तारखा दरवर्षी सरकतात. पेसाह १ एप्रिलच्या संध्याकाळी लागला. त्याच्या दुसऱ्या रात्रीपासून ४९ दिवस ओमेर, म्हणजे शाबुओथच्या सणापर्यंतचे दिवस, मोजतात, रोज रात्री एक आकडा, आणि त्यातला पहिला भाग दुखवट्याचा म्हणून लग्नं होत नाहीत. ५ मे ला लाग बाओमेर (ओमेरचा ३३ वा दिवस), तिथे बंधन सुटतं. मग २१ मे च्या रात्री शाबुओथ, २२ आणि २३ असे दोन दिवस. पुढे २ जुलैला तमूज महिन्याचा उपास आणि तिथून तीन आठवडे बहुतेक घरं परत लग्न-समारंभ टाळतात. म्हणजे हिशेब करा, मे च्या पहिल्या आठवड्यापासून जून अखेरपर्यंत जेमतेम आठ आठवडे मिळतात आणि जमातीतली उन्हाळ्यातली सगळी लग्नं, मेंदी, घरभरणी, नवस त्यातच कोंबलेले असतात, त्यामुळे नवीन माणसाला आमंत्रणं येतात तीही याच काळात आणि धपाधप येतात. मेंदीचं आमंत्रण आलं तर लग्नापेक्षा आधी तिकडे जा असं मी म्हणेन, तिथे गप्पा होतात, ओळखी होतात, म्हाताऱ्या बाया जुनी मराठी गाणी काढतात, लग्नात तर सगळे घाईत असतात. लग्नात एक क्षण मात्र चुकवू नका, नवरी आत येताना नवरा तिच्याकडे तोंड करून स्वतः गातो, तेव्हा अख्खी मशीद शांत होते.

शाबुओथबद्दल थोडक्यात, त्या दिवशी दहा आज्ञा वाचतात, रूथची गोष्ट वाचतात, दुधाचे पदार्थ खातात. यंदा तो शुक्रवार-शनिवारी आलाय म्हणजे गुरुवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत सलग सण आणि शब्बाथ, तेव्हा लांबून येणार असाल तर राहायची सोय चालत जाता येईल इतक्या अंतरावर बघा, ट्रस्टींना विचारलंत तर कोणाच्या तरी घरी होतेच.

मलिदा मात्र सविस्तर सांगतो कारण बेने इस्रायलांचं खास ते हेच, आणि उन्हाळ्यात दर आठवड्याला कुठे ना कुठे असतो. नवस फिटला, परदेशी जायचंय, नवीन घर घेतलं, कोणी दुखण्यातून उठलं की एलियाहू हनाबीच्या (प्रेषित एलियाच्या) नावाने मलिदा करतात. पोहे धुऊन पिळून घ्यायचे, त्यात ओला खवलेला नारळ, साखर किंवा गूळ, वेलची, बदाम-पिस्त्याचे काप, आणि हलक्या हाताने कालवायचं, चिखल होता कामा नये. मोठ्या ताटात त्याचा ढीग, भोवती फळं, निदान पाच प्रकारची, केळं, सफरचंद, खजूर, मे महिना असेल तर आंबा असतोच, आणि वास घ्यायला सब्जा किंवा गुलाब. ताट पांढऱ्या फडक्याने झाकलेलं असतं. प्रार्थना होते, एलियाहू हनाबीचं गाणं सगळे मिळून गातात, मग झाडावरच्या फळाची वेगळी ब्राखा, जमिनीतून येणाऱ्या फळाची वेगळी, पोह्यांची वेगळी, सुगंधाची वेगळी, आणि प्रत्येक ब्राखेनंतर तेवढंच हातात दिलं जातं. म्हणजे खजूर मिळाला की केळं कधी असं बघत बसू नका, क्रम असतो. नवीन माणसाने काय करायचं? तासभर आधी जायचं आणि नारळ खवायला बसायचं. खरंच. एका तासात जेवढी माणसं ओळखीची होतील तेवढी दहा शब्बाथला पण होणार नाहीत, कारण विळीवर बसलेल्या मावशी गप्पा मारतातच आणि तुम्ही कोण हे सगळ्या किचनला कळतं. पुरुषांनी पण बसायला हरकत नाही, ठाण्याला बसतात.

सुट्टीतली अलिबागची ट्रिप ही उन्हाळ्यातली दुसरी मोठी गोष्ट. बहुतेक वेळा रविवारी बस ठरते, वर्गणी काढतात, नाव आधी द्यावं लागतं. पहिला थांबा इस्रायल आळीतली मागेन आबोथ, मूळ १८४८ ची. तिथे मिन्यान जमवून सकाळची प्रार्थना करायची. मग नवगाव. परंपरा अशी की आमच्या पूर्वजांचं जहाज इथे किनाऱ्यापाशी फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, आणि जे बुडाले त्यांना इथेच पुरलं. तिथे स्मारक आहे. ही जी माणसं वाचली त्यांचेच वंशज गावोगाव तेलाचे घाणे चालवायला लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायला लागले, शेजाऱ्यांनी दिलेलं नाव आहे हे. कबरस्थानात शांत राहायचं, पिकनिकचा डबा तिथे उघडायचा नाही, कबरीवर छोटा दगड ठेवतात, आणि बाहेर पडताना हात धुवायचे, त्यासाठी पाण्याचा कॅन बसमधून कोणीतरी घेतलेला आहे ना हे आधी बघून ठेवा कारण मे मध्ये तिथे पाणी असेलच असं नाही. मग खंडाळे, तिथला एलियाहू हनाबीचा टापा म्हणजे खडक, ज्यावर त्यांच्या रथाच्या आणि घोड्याच्या खुणा आहेत असं मानतात, आणि तिथेच मलिदा होतो. खडक उन्हात तापतो, बसायला सतरंजी घ्या, म्हाताऱ्या माणसांसाठी घडीच्या खुर्च्या. सकाळी अकराच्या आत तिथलं उरकलं तर बरं.

स्वतःच जाणार असाल तर मे अखेरपर्यंत गेटवेहून मांडव्याला बोटी असतात, पावसाळ्यात त्या बंद होतात, मग भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बघायची किंवा सरळ पेणमार्गे एसटी. पेणमार्गे गेलात तर पेणची मशीद वाटेतच आहे, आधी फोन केलात तर उघडून दाखवतात.

लहान मुलं असतील तर मे मध्ये त्यांच्यासाठी काय काय आहे ते आल्या आल्या विचारा. मुंबईत एव्हलिन पीटर्स ज्यूइश कम्युनिटी सेंटर आहे, तिथे मुलांचे, तरुणांचे आणि ज्येष्ठांचे वेगवेगळे प्रोग्रॅम होतात. आमच्या घरात कोणी हिब्रू वाचत नाही म्हणून मुलाला पाठवत नाही असं काही पालक म्हणतात, पण उलट तिथूनच सुरुवात होते. मोठ्यांसाठी कीर्तन असेल तर नक्की बसा, मोशे, योसेफ, दाविद यांच्या गोष्टी अस्सल मराठी कीर्तनाच्या ढंगात, ही पद्धत १८८० च्या सुमारास आमच्या पूर्वजांनी सुरू केली आणि आता ती टिकवून धरलीय ती बहुतेक बायकांच्या ग्रुप्सनी. त्यांना पेटीवाले, तबलावाले, आणि गाणारे आवाज नेहमीच हवे असतात, तुम्हाला येत असेल तर लाजू नका.

आणि शेवटी जुलैत तिशा बेआब, आमच्या घरात ज्याला बिरड्याचा सण म्हणतात. यरुशलेमची दोन्ही मंदिरं पाडली गेली त्याचा हा दुखवटा. यंदा २२ जुलैच्या सूर्यास्तापासून २३ च्या रात्रीपर्यंत कडक उपास, पाणी पण नाही, चामड्याच्या चपला नाहीत, मशिदीत जमिनीवर बसून कमी उजेडात एखा (विलापगीतांचं पुस्तक) वाचतात. त्याआधीचे दिवस मांस बंद. या दिवशी मशिदीत कोणी हसून स्वागत करणार नाही, "शालोम" पण म्हणत नाहीत, त्यामुळे पहिलीच भेट या दिवशी नको, आधी दोन-तीनदा येऊन गेलेले असा. डायबेटिस, बीपी, गरोदरपण असेल तर उपासाबद्दल डॉक्टरांना आणि हझानसाहेबांना दोघांनाही आधी विचारा, तब्येत धोक्यात घालून उपास करायला धर्म सांगत नाही. उपास त्या गुरुवारी पावणेआठच्या सुमाराला सुटतो, नक्की वेळ मशिदीतून कळेल.

बिरड्यासाठी कडवे वाल पावसात मोड यायला जास्त वेळ घेतात. सोमवारी रात्री भिजत घाला, मंगळवारी सकाळी निथळून सुती फडक्यात घट्ट बांधून उबेला ठेवा, तांदळाच्या डब्याजवळ किंवा ओव्हनमध्ये नुसतेच. बुधवारी दुपारपर्यंत चांगले लांब मोड येतात. मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरायचा, साल मागे सरकते आणि डाळिंबी पुढे निसटते, मोड तुटता कामा नये. पाव किलो वालाला एकट्याने बसलं तर कंबर मोडते, म्हणून आमच्याकडे एकीच्या घरी चार-पाच जणी जमून सोलतात, कोणाच्या घरी बसायचं ते आदल्या शब्बाथला किद्दूशच्या वेळी ठरतं, तेव्हा १८ जुलैला मशिदीत या आणि तिथेच नाव सांगून ठेवा.